वाकळेचं पोट

सोनामावशी आमच्या इमारतीत राहायला आली त्या दिवशी लोखंडी कपाट जिन्यावरून वर येत होतं आणि ती रिकाम्या हॉलच्या बरोबर मध्यभागी बसून सुईत दोरा ओवत होती. हमाल घामाघूम होऊन "आजी, सरका!" म्हणून ओरडत होते. मावशीने मानही वर केली नाही. "मी हितंच हाय. तुमी माज्यावरनं न्या." आणि खरोखर, कपाट तिच्या डोक्यावरून गेलं.

मी समोरच उभी होते. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि नव्या बिऱ्हाडाला पहिल्या तासाभरातच यादी देते. कचऱ्याची गाडी, पाण्याची वेळ, प्लंबर, गॅस, दूधवाला, लिफ्ट अडकली तर कुणाला फोन करायचा. एकूण अठरा मुद्दे. अख्ख्या बारामतीत इतकी पक्की यादी दुसऱ्या कुठल्या सोसायटीत मिळणार नाही. मावशीने कागद घेतला, दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाली, "कागूद चांगला हाय." मग तिने त्यात सुया टोचून ठेवल्या.

तिचा मुलगा सुभाष खजील झाला. तो आणि त्याची बायको दोघंही दिवसभर कामावर असतात. आई गावी, लोणी भापकरला, एकटीच होती. पावसाळ्यात गोठ्यात घसरून पडली, तेव्हा याने तिला इकडे आणायचं ठरवलं. ती आली, पण अट घालून. नव्या घरात आधी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायची. ती पुरी झाली तर राहायचं, नाही झाली तर लोणीला परत.

"अहो मावशी, आधी सामान तरी लावा," मी म्हटलं.

"भांडी काय पळून जात्यात व्हय? आदी सुई चालली पायजे. मंग घर."

जुन्या लुगड्यांचे थर तिने फरशीवर अंथरले. गावाकडे कोपऱ्यांवर दगड ठेवतात. इथे दगड कुठले? एका कोपऱ्यावर मिक्सर, दुसऱ्यावर इस्त्री, तिसऱ्यावर दहा लिटरचा कुकर आणि चौथ्यावर सुभाषचा व्यायामाचा डंबेल. पंधरा दिवस त्या घरात चटणी खलबत्त्यात वाटली गेली आणि सुभाष चुरगळलेल्या शर्टात कामावर गेला. मावशीला त्याचं काही नव्हतं.

तिचं काम पाहायला मी रोज दुपारी जायला लागले. कडेपासून धावदोरा घालत ती आत आत यायची, चौकोनात चौकोन. खडूची रेघ नाही, पट्टी नाही, चष्मासुद्धा नाही. ती आत स्वयंपाकघरात गेली असताना एकदा मी पर्समधून टेप काढून चारही बाजूंना ओळींमधलं अंतर मोजलं. सारखं. पुन्हा मोजलं. तितकंच. टेप पर्समध्ये जातेय तोवर मागून आवाज आला, "मापलंस का? बरुबर हाय ना? न्हायतर उसवते."

मी माझी एक जुनी रेशमी साडी तिला नेऊन दिली. तिने पदर बोटांत धरला. "ही मिरवायला घेतली व्हतीस, नेसायला न्हाय. एकदाच नेसलीस, अन् त्या दिवशी कुणाशी तरी भांडलीस." नणंदेचं लग्न होतं. भांडण मानपानावरून झालं होतं. हे तिला कशावरून कळलं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

वाकळ आत येत येत मधोमध ताटाएवढी मोकळी राहिली. मग तळहाताएवढी. आणि तिथे काम थांबलं.

मावशी दार सताड उघडं टाकून बसायची. सुईत दोरा ओवलेला, हात मांडीवर.

"मावशी, एवढंसंच तर राहिलंय."

"व्हय. एवढंच ऱ्हायलंय."

"मग घालून टाका की चार टाके."

"घालू की." आणि ती माझ्या हातांकडे बघायची. माझ्या हातात सोसायटीची फाइल असायची.

असे आठ दिवस गेले. शनिवारी सकाळी सुभाष उतरल्या चेहऱ्याने जिन्यात भेटला. "काकू, आई उद्या लोणीला जाते म्हणतेय. मीच सोडायला जाणार आहे."

त्याच दुपारी माझ्या दारावर जोरजोरात थापा पडल्या. मावशीची धाकटी बहीण गोदाबाई इंदापुराहून आली होती.

"सेक्रेटरी तुमीच का वो? ह्या बिल्डिंगीत बाया हायत, का निस्ती दारं?"

"चोवीस घरं आहेत," मी म्हणाले.

"चोवीस घरं! अन् एकीलाबी भाकरी येत न्हाय?"

मला काही उलगडेना. मग तिने कमरेवर हात ठेवून सांगितलं. वाकळ मिटवायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा तुकडा आणि हळदकुंकू घालायचं. वाकळ उपाशी मिटली तर घरही उपाशी राहतं. आणि तो घास शेजारणीनेच आणायचा.

"आमच्या आळीत वाकळ मधी आली की शेजारीण आपसूक येती. हितं माजी भैन आठ दिस दार उगडं टाकून बसलीय. मी आनते म्हनलं तर म्हनती, तू भैन हाइस, शेजारीण न्हाइस."

"पण मला सांगायचं ना त्यांनी!"

"सांगून आनला तर त्यो घास व्हय? त्यो डबा झाला."

ती गेली आणि मी ज्वारीचं पीठ शोधायला लागले. आमच्याकडे पोळ्या असतात; भाकरी थापून मला वीसेक वर्षं झाली होती. पहिली तव्यावर टाकतानाच मोडली. दुसरीचे तीन तुकडे झाले. तिसरी एका बाजूने करपली, दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली. तीच ताटलीत घेतली, शेजारी हळदकुंकू ठेवलं आणि फाइल घरीच ठेवून निघाले.

मावशी दारातच बसली होती. तिने ताटलीकडे पाहिलं.

"गोदीनं सांगितलं व्हय?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. "हो."

तिने भाकरी उचलली, उलटी केली, करपलेल्या बाजूवरून बोट फिरवलं, जसं कापडावरून फिरवायची तसंच.

"गोदीनं भाकरी सांगितली आसंल," ती म्हणाली. "एवढी वंगाळ न्हाय सांगितली. ही तुजीच हाय."

तिने मला खाली बसवलं. मी कोरभर तुकडा मोडला. "मोठा घाल," ती म्हणाली, "चोवीस घरं हायत." मी घास ठेवला, हळदकुंकू वाहिलं. तिने वरून ठिगळ लावलं आणि टाके घालायला घेतले. आजवर एकदाही न चुकलेला टाका पहिल्यांदा वाकडा पडला. तिने पदराने डोळे पुसले आणि तो तसाच राहू दिला.

मग दोरा दातांनी तोडून उरलेली करपकी भाकरी तिने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मी उठले तशी म्हणाली, "उद्या दुपारी ये गं. पीठ घिऊन ये. भाकरी शिकिवते तुला."