दत्तूभाऊंचा हॉर्न

आमचे शेजारी दत्तूभाऊ गाडी सर्व्हिसिंगला टाकत नाहीत, ॲडमिट करतात. शब्द त्यांचाच. जुन्नरला त्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी 'आज नाय राव, गाडी ॲडमिट हाय' म्हणून शटर ओढतात आणि निघतात. बरोबर जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि मी. मी बँकेत नोकरीला, म्हणजे मला साहेब लोकांशी बोलता येतं, असा त्यांचा समज. तिथं काचेतून गाडी दिसेल अशी खुर्ची धरायची, आणि थोड्या थोड्या वेळानं आत जाऊन बॉनेटवर हात फिरवून यायचं. मेकॅनिक लोक वैतागतात. मीही वैतागतो, पण मला कोण विचारतो?

या वेळी ब्रेक वाजत होता. एवढंच दुखणं. हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टायवाल्या साहेबानं टॅबवर सगळं लिहून घेतलं, काळजी करू नका म्हणाला, चहा पाजला. संध्याकाळी गाडी मिळाली ती धुऊनपुसून, आत मोगऱ्याचा वास मारलेली. ब्रेक तस्साच वाजत होता. आणि हॉर्न बदललेला.

जुना हॉर्न म्हणजे घसा बसलेला रेडा. दत्तूभाऊ गल्लीत शिरले की आमच्या घरात झोपलेली पोरं उठायची. नवा एकदम गोड, दोन सुरांचा. मला तर मनातून बरंच वाटलं. दत्तूभाऊंनी मात्र गाडीची किल्ली परत टेबलावर ठेवली.

"ब्रेक वाजू द्या," ते म्हणाले. "माझा हॉर्न मला द्या."

टायवाल्याला वाटलं, बिलाचं भांडण असेल. हा हॉर्न फुकट आहे, स्कीममध्ये बसतो, असं त्यानं हसत समजावलं. मी मागितला व्हता का, असं भाऊंनी विचारलं. त्यावर उत्तर आलं की जुना हॉर्न सिस्टीममध्ये खराब दाखवतोय. आमच्या कानाला बरा दाखवत व्हता, भाऊ म्हणाले, आणि जे खुर्चीत बसले ते उठायचं नाव घेईनात.

पुढं जे सुरू झालं त्यानं माझं डोकं फिरायची वेळ आली. टायवाला म्हणे पार्ट्सला विचारा. पार्ट्सवाला म्हणे जुना माल भंगारात जातो, मॅनेजरला विचारा. मॅनेजर मीटिंगमध्ये, आणि मीटिंग कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. कस्टमर केअरला फोन लावला, तर आमचा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे एक बाई गाण्याच्या मधेमधे सांगत राहिली. मग त्यांचाच फोन आला. आम्हाला वाटलं तक्रारीचा, तर तो सेवेला दहापैकी किती मार्क देणार हे विचारायला. किती मार्क दिले म्हंजे हॉर्न मिळतो, असं भाऊंनी विचारलं. फोन कट.

आठवडा असाच गेला. गाडी तिथंच, आणि आम्ही माझ्या स्कूटरवरून रोज तिच्या भेटीला. दत्तूभाऊ रोज संध्याकाळी डिंगोऱ्याला आईकडे जातात; ती धाकट्या भावाकडे असते. त्या आठवड्यात ते एसटीनं जात होते, आणि असं तोंड पाडून परत येत होते की घरात बायकोशीही बोलेनात. माझ्या रजा संपत चालल्या होत्या. म्हटलं, भाऊ, तसलाच हॉर्न नारायणगावात मिळेल, मी घेऊन देतो, पण हे आता पुरे करा.

"तसला नको," म्हणाले. "त्योच पायजे."

अशा माणसाचं काय करावं? उद्या शेवटचं येतो, असं मी तोंडावर सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सापडला. भाऊ आता त्याला सोडत नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी हात जोडले. एका हॉर्नसाठी, त्या मोबाईलमधून मान वर न करणाऱ्या माणसापुढं! माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली की बँकेतली सगळी सभ्यता सोडून मी ओरडलो. तेव्हा त्यानं मागच्या भंगाराकडे बोट दाखवलं. शोधा म्हणे तुम्हीच.

मागं जुन्या हॉर्नांचा ढीग. एका मेकॅनिकला दया आली, त्यानं बॅटरी आणून दिली. दत्तूभाऊंनी फतकल मारली आणि एकेका हॉर्नला वायर लावून वाजवायला सुरुवात केली. कुणी किंचाळत होता, कुणी कण्हत होता. भर उन्हात तो गोंगाट ऐकून माझं डोकं उठलं. शेवटी एकदाचा तो रेडा ओरडला. दत्तूभाऊंनी हॉर्न पुसून मांडीवर घेतला.

हॉर्न तिथंच बसवून घेतला. ब्रेकचं नाव कुणी काढलं नाही. पयलं डिंगोऱ्याला जाऊ, भाऊ म्हणाले, आणि स्कूटर तिथंच ठेवून मी गाडीत बसलो. त्यांच्या आईला मी कधी भेटलो नव्हतो.

भावाच्या अंगणात वळताना त्यांनी हॉर्न दाबला. आतून म्हातारीचा आवाज आला, "आला गं माझा दत्तू. च्या ठेव."

दारात उभ्या धाकट्या सुनेनं डोळ्याला पदर लावला. आठवडाभर आत्याबायनी भाऊंचं नाव घेतलं नव्हतं वो, ती मला हळूच म्हणाली. 

दत्तूभाऊ आत गेले, आईच्या पाया पडले. तिनं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं, पदर सावरला आणि खाटेवर थोडी सरकली.

"बसा पावणं," ती म्हणाली. "आमचा दत्तू आलाय. भाईर गाडी लावतोय."

दत्तूभाऊ तिच्याशेजारी टेकले.

"लावू द्या त्याला निवांत," ते म्हणाले. "मी हाय बसलेलो."