सुदाम टेलरचे रविवारचे देश

सुदाम टेलर जेवायला वाढण्याआधी पोरीचा पासपोर्ट बघायचा. पासपोर्ट म्हणजे धुतलेले हात. छबू तळवे पुढं करायची, तो चष्म्यातून उलटसुलट बघायचा आणि म्हणायचा, "जा. सोडलं तुला जपानात."

जपान म्हणजे रेशनच्या तांदळाचे गोळे आणि कागदाचा एक बगळा.

लातुरात त्याची नि माझी भिंतीला भिंत होती. मी चौथी शिकलेली. जग केवढं आहे ते मला माहीत नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. पण रविवारी दुकान बंद असलं की पलीकडं परदेश सुरू व्हायचा. दुष्काळ होता. टँकरचं पाणी भांडून मिळायचं. मी भिंतीवरून ओरडायचे, "हात कशाला धुतोस रे तिचे घडीघडी? राखेनं घास!"

"परक्या मुलखात मळके हात चालत न्हाईत अक्का."

स्वतःचे हात मात्र तो फडक्याला पुसायचा. तांब्यातलं पाणी पोरीपुरतंच.

हे वेड त्याला उगीच लागलं नव्हतं. त्याची बायको पार्वती त्या उन्हाळ्यात तापानं गेली. छबू आठ वर्षांची. स्टोव्हपुढं आईची जागा मोकळी दिसली की ताट बाजूला सारायची. पोरगी वाळत चालली. मी दटावून पाहिलं, गूळ दाखवून पाहिला. मग एक दिवस या माणसानं स्टोव्ह उचलून शिलाई मशीनजवळ नेला आणि म्हणाला, "छबे, आपण घर सोडून निघालो. हे इटली हाय."

शेवयांत टमाटे घातले होते. पोरीनं खाल्ल्या. मी म्हटलं, हा गेला कामातून.

त्याला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. मशीनवर नसला तरी पाय पायडल मारल्यासारखा हलायचा. भिंतीवर त्यानं कापडाच्या कात्रणांचा जगाचा नकाशा शिवून लावला होता. आफ्रिका खाकी, पोलिसाच्या पँटीतली. मिसर देशाच्या दिवशी माझ्या गोवऱ्या नेऊन पिरॅमिड रचला. वर मलाच बजावतो, "मोडू नका अक्का, आत राजा हाय." मी संध्याकाळी राजासकट चुलीत घातला. पॅरिसचा मनोरा कडब्याचा केला. कडबा बघायला मिळत नव्हता अशा दिवसांत! माझ्या शेळीनं दुपारीच पॅरिस संपवलं.

"जाऊ द्या," तो म्हणाला, "शेळीबी फिरून आली."

मग लातूर जिल्हा झाला. नवे साहेब आले, त्यांच्या पँटी आल्या. सुदामनं नकाशावर लातूरच्या जागी लावलेली सदऱ्याची गुंडी काढून कोटाची मोठी लावली. तिच्याखाली अर्धा महाराष्ट्र गेला.

ती गुंडी बघून छबू म्हणाली, "बाबा, या रविवारी लातूरला जाऊ. धपाटे खाऊ."

त्याचा पाय थांबला. तसाच माझ्या दारात आला.

"अक्का, धपाटे करून द्याल? तिच्या आईवानी. पर पुन्हा ताट सारलं तर?"

"सारलं तर सारलं. जन्मभर जपानात ठेवतोस का तिला?"

"लई मुश्किलीनं खायला लागली हो."

"पीठ मळ जा. बडबडू नको."

रविवारी मी स्टोव्ह जुन्या जागी ठेवला आणि पार्वतीच्या जागेवर बसले. कुणीतरी बसायलाच पाहिजे होतं. ओल्या फडक्यावर धपाटं थापलं, बोटानं मधोमध भोक पाडलं. छबूनं माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. सुदाम भिंतीला टेकून उभा. पाय सुरू.

पोरीनं तुकडा मोडला, खाल्ला. "आईचं जास्ती तिखट असायचं," म्हणाली आणि दुसरा मोडला.

मी सुदामला म्हटलं, "आता तू बस."

"मला नगं अक्का. इथलं मला जात न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इतके दिवस पोरीच्या ताटाकडंच बघत होते सगळे. पार्वती गेल्यापासून हा घरचं कधी जेवला, ते कुणी विचारलंच नव्हतं.

छबूनं तोंड पुसलं आणि हात पुढं केला. "बाबा, पासपोर्ट."

तो मोरीत गेला. भरलेला तांब्या घेतला. हात धुतले, मग तोंड धुतलं, मग पुन्हा तोंड धुतलं. सगळा तांब्या रिकामा केला.

पाणी टँकरचं होतं. मी दुसरं धपाटं थापायला घेतलं, जरा जास्ती तिखट घालून.