गोल आधी देणारा टीव्ही

बावीस हजार रुपये जास्त मोजले तर मुलगी महिनाभर घरात राहते, असा सैतलवीचा हिशोब होता. लाकडाच्या वखारीवर उभा जन्म काढलेल्या माणसाचा हिशोब सहसा चुकत नाही. चुकलंच तर लाकूड चुकतं.

जसीलाचं लग्न नुकतंच झालं होतं. जावई जम्शीर मस्कतला नोकरीला. तो महिन्याच्या रजेवर आला तो नेमका वर्ल्ड कपच्या महिन्यात, आणि त्यासाठी त्याची आजी मस्कतच्या साहेबापुरती पुन्हा एकदा वारली होती. रजा संपली की तो जसीलाला घेऊन जाणार होता. व्हिसा आलेला होता. मग दोन वर्षं मुलगी फोनच्या पडद्यावर बघायची. म्हणजे हातात होता तो हा महिना. आणि नव्या जावयाचा, म्हणजे पुतियाप्लाचा, नियम आमच्याकडे सोपा आहे: तो जिथे मुक्काम करेल तिथे त्याची बायको. मंजेरीला त्याच्या घरी होता तो टीव्ही म्हणजे आईच्या मालिकांपुरता. सैतलवीच्या घरी चांगला टीव्ही आला तर पुतियाप्ला इथे राहील, आणि त्याच्याबरोबर जसीला.

दुकानात दोन टीव्ही शेजारीशेजारी लावले होते. वीस हजारांचा त्रेचाळीस इंची आणि बेचाळीस हजारांचा पंचावन्न इंची. दोन्हीवर एकच पोपट एकाच फांदीवर बसला होता. सैतलवीबरोबर शेजारचा बीरान आला होता, कारण रिक्षा त्याची होती आणि भिंत दोघांची एकच होती. त्याने दोन्ही पोपटांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सैतलवीक्का, हिरवा तर दोन्हीकडे हिरवाच आहे की."

विक्रेत्याने समजावलं की फरक हिरव्यात नाही, काळ्यात आहे. महागातला काळा रंग जास्त काळा दिसतो.

"काळोख बघायला बावीस हजार?" बीरान म्हणाला. "आमच्याकडे लाइट गेली की फुकट दिसतो."

सैतलवी हसला नाही. घरून निघताना सुहराने, म्हणजे त्याच्या बायकोने, बजावून ठेवलं होतं की पुतियाप्लासमोर स्वस्तातलं काही मांडलं तर त्याची बातमी जेवणाआधी मंजेरीला पोचेल. त्याने मोठा घेतला. बीरानने, आलोच आहोत तर, हप्त्यावर छोटा घेतला. परतताना रिक्षात दोन्ही खोकी होती आणि माणसांना जागा नव्हती, म्हणून सैतलवी घरापर्यंत अर्धा बाहेर बसून आला.

विक्रेत्याने निघताना एक शहाणपण दिलं होतं. असल्या टीव्हीला केबलची वायर जोडणं म्हणजे मोटारीला बैल जुंपणं. घरात इंटरनेट आहे ना, मग त्यावरच सगळं बघा. सैतलवीला हे फारच पटलं. केबलचे पैसे वर्षाचे भरलेले होते, तर त्याने ती वायर चार लोकांदेखत भिंतीपलीकडे टाकली आणि बीरानला म्हणाला, "घे, तुझ्या टीव्हीला हेच शोभेल." बीरानने उपकार मानले. तो उपकार मानायला कधी मागे नसतो, त्याला पैसे पडत नाहीत.

पहिल्या सामन्याला सैतलवीच्या दिवाणखान्यात पंधरा माणसं आणि क्लबातून आणलेल्या खुर्च्या होत्या. सैतलवी ब्राझीलचा. जम्शीर अर्जेंटिनाचा. निकाहाआधी सैतलवीने मुलाचा पगार विचारला होता, घर पाहिलं होतं, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का तेही विचारलं होतं, आणि हेच तेवढं विचारायचं राहून गेलं होतं. पण टीव्ही खरोखर देखणा होता. गवताची पाती मोजावीत इतकं स्वच्छ दिसत होतं. शिकलेल्या पाहुण्यासारखा जम्शीर सासऱ्याला मुलाच्या नात्याने "छान आहे, उप्पा" म्हणाला आणि सैतलवीने मनातल्या मनात बावीस हजारांतले दहा वसूल केले.

चेंडू मैदानाच्या मध्यावर होता तेव्हा भिंतीपलीकडून बीरानच्या अंगणात एकदम कल्लोळ झाला. फटाक्यांची माळसुद्धा लागली. दिवाणखान्यातले लोक एकमेकांकडे बघू लागले. पडद्यावर अजून कोणी काही करत नव्हतं. मग अर्ध्या मिनिटाने चेंडू डावीकडून पुढे गेला, एकाने दुसऱ्याला दिला, आणि गोल झाला. तो गोल होणार हे खोलीतल्या पंधराही जणांना ठाऊक होतं, फक्त गोलकीपरला नव्हतं. कोणी ओरडलं नाही. शिळ्या बातमीवर कोण ओरडणार?

दुसरा गोलही असाच आधी भिंतीपलीकडे झाला. मध्यंतरात एकजण पाणी प्यायला उठला तो परत आला नाही, दुसरा त्याला बघायला गेला. जम्शीर म्हणाला, "जरा वारा खाऊन येतो." आमच्याकडे पुतियाप्लाने सासुरवाडीच्या मिठाला नाव ठेवायचं नसतं, वस्तूलाही नाही. आमटीत मीठ पडलं नसेल तरी तो बोटं चाटून उठतो. म्हणून टीव्हीबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. वारा मात्र त्या दिवसापासून फक्त बीरानच्याच अंगणात वाहू लागला.

आता पुतियाप्ला शेजाऱ्याच्या अंगणात उपाशी बसला, असं कोणी म्हटलं तर सुहराला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. तिने पत्तिऱ्यांची, म्हणजे तांदळाच्या पातळ भाकऱ्यांची, चळत आणि कोंबडीचं कालवण भिंतीवरून पलीकडे दिलं. पण वीस माणसांत एकट्याला कसं वाढणार? दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून वीस माणसांचं जेवण जाऊ लागलं. सैतलवीने बीरानला गाठून शांतपणे सामना बघायची विनंती करून पाहिली.

"मी तोंडावर हात ठेवतो," बीरान म्हणाला. "पण सगळ्यात मोठा आवाज तुमच्या जावयाचा आहे, सैतलवीक्का. त्याच्या तोंडावर कोण हात ठेवणार, तुम्ही का मी?"

इथवरही सैतलवीने सहन केलं असतं. पण चौथ्या का पाचव्या दिवशी जम्शीरचं फोनवरचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. तो मंजेरीच्या भावाला सांगत होता की इथे गोल वेळेवर दिसतो पण मुंगीएवढा, मागच्या रांगेतून चेंडू आणि रेफ्री एकच वाटतात. भाऊ क्लबात मोठा पडदा लावणार होता. शुक्रवारी तिकडे यावं म्हणतो, असं जम्शीर म्हणाला.

शुक्रवार म्हणजे परवा. सैतलवी रात्रभर, निदान झोप लागेपर्यंत, विचार करत राहिला. मोठा टीव्ही आहे पण मंद आहे. छोटा चपळ आहे पण लहान आहे. माणसांतही असंच असतं; वखारीतला सर्वांत धिप्पाड हमाल सर्वांत सावकाश चालतो. सकाळी त्याने सुहराला सांगितलं की महागाच्या टीव्हीत यंत्रं जास्त, तो एकेक गोष्ट विचार करून दाखवतो.

"विचार करणाऱ्याला कशाला आणलंत मग?" सुहरा म्हणाली. "घरात तुम्ही होतात की."

सैतलवीने ठरवलं की चित्र लहान दिसलं तर खुर्च्या पुढे ओढता येतात, पण मागे राहिलेला गोल पुढे ओढता येत नाही. तो बीरानकडे गेला आणि टीव्ही बदलून मागितला. बीरान अंगणात रिक्षा धूत होता. त्याने आधी ऐकूच आलं नाही असं केलं. मग चेहरा पाडून म्हणाला, "बरोबरीत कसं जमेल? तुमचा मोठा आहे, कबूल. पण माझा पळणारा आहे. गोल आधी देणारा टीव्ही या गावात एकच आहे."

शेवटी पंचावन्न इंचाचा टीव्ही, भिंतीला लावायची त्याची लोखंडी चौकट आणि वर दोन हजार रुपये, एवढ्यावर वीस हजारांचा टीव्ही सैतलवीला मिळाला. हलवाहलवीत एक टोक जम्शीरने धरलं. त्याने सासऱ्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि रीत आठवून मिटलं. जसीला दारात कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. ती घड्या घालतच राहिली.

शुक्रवारी मंजेरीला कोणी गेलं नाही. बीरानच्या अंगणात आता गोल वेळेवरही होता आणि मोठाही होता. संध्याकाळी माणसं भिंत ओलांडून तिकडे गेली, त्यात जम्शीर पहिला. सैतलवी मात्र आपल्या दिवाणखान्यात रिकाम्या खुर्च्यांत एकटा बसला. लोकांना कळायला एक गोल पुरे, मग येतील परत, असं त्याला वाटत होतं.

पलीकडे कल्लोळ झाला. छोट्या टीव्हीवर चेंडू मैदानाच्या मध्यावर होता. सैतलवी उठला आणि त्याने टीव्हीच्या पाठीत एक थाप मारली, जशी अडून बसलेल्या बैलाला मारतात. चेंडू मध्यावरच राहिला.

जसीला कोऱ्या सुलैमानी चहाचे दोन पेले घेऊन आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"टीव्हीचं काही नाही, उप्पा," ती म्हणाली. "तिकडे वायरीतून येतं, आपल्याकडे इंटरनेटवरून. ते उशिराच येतं. कुठलाही टीव्ही लावा."

सैतलवीने पेला खाली ठेवला. "तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"आणि मी त्या बीरानला वर दोन हजार मोजले तेव्हा तू घड्या घालत होतीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वायर परत घेतली असती," जसीला म्हणाली. "मग सगळा गाव इथे बसला असता, आणि मी महिनाभर आत उम्माबरोबर पत्तिऱ्या थापत. आता जेवण एकदा भिंतीवरून गेलं की मी मोकळी. तुमच्याजवळ कधी बसणार होते?"

पडद्यावर गोल झाला. सैतलवीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

त्यानंतर ती दोघं रोज संध्याकाळी तिथे बसू लागली. कल्लोळ झाला की गोल कोण मारणार यावर जसीला पैज लावायची आणि अर्धं मिनिट दोघं पडद्यावर डोळे लावून बसायची. पलीकडचे सगळे अर्जेंटिनाचे, त्यामुळे ब्राझीलच्या सामन्यात तिकडे ओरडा झाला की ब्राझीलवर गोल होणार हे सैतलवीला आधी कळायचं. दुःखाची आगाऊ सूचना मिळाली की ते सोसायला बरं पडतं, असं तो म्हणायचा. ब्राझील बाहेर पडलं त्या संध्याकाळी तर तो पैज जिंकल्याच्या आनंदात होता.

बीरानचं मात्र निराळंच झालं. गावातला सर्वांत मोठा टीव्ही त्याच्या अंगणात आला तशी त्याच्या बायकोची मान ताठ झाली. पाहुणे आपले, तर शेजारणीच्या चुलीवरचं कशाला, असं म्हणून तिने सुहराची भांडी धुऊन भिंतीवरून परत पाठवली. आणि पुतियाप्ला कोणाचाही असो, त्याला मासळीवर भागवलं असं गावात होत नाही. रोज कोंबड्या, एका रविवारी बोकड. पुढच्या आठवड्यात बीरान भिंतीशी आला. रिक्षाचा टायर बदलायचा राहिलाय, म्हणाला. तुमचा टीव्ही तुम्ही परत घ्या, वायरसुद्धा घ्या, वर काय देऊ ते सांगा.

सैतलवीने मागे वळून पाहिलं. जसीला छोट्या टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडत होती.

"वखारीतून गेलेलं लाकूड मी परत घेत नाही," तो म्हणाला.

तर टीव्हीचे पैसे सैतलवीने भरले, आणि जावयाच्या जेवणाचे बीरानने. ज्याच्या पायी हे सगळं झालं त्या जम्शीरला एक पैसाही पडला नाही, पुतियाप्लाला पडायचा नसतोच. मुलगी महिनाभर राहिली, हिशोब बरोबर निघाला. राहिला मस्कतच्या विमानाचा दिवस. तो सगळाच्या सगळा सैतलवीच्या नावावर पडायचा होता, आणि त्यात भिंतीपलीकडचं कोणी वाटा उचलणार नव्हतं.