ब्रदरांची संमतीवही

माझ्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मी कॉलेजात गेले, पण आता कुठे दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे कुणावर लिहायला बसणं हा माझा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. आमच्या शेजारच्या वानखडे ब्रदरांची परवानगी मात्र मी घेतली आहे. लेखी.

लेखी घेतल्याशिवाय ब्रदरांकडून काहीच मिळत नाही. मेथीचा लाडूसुद्धा. डबा उघडायच्या आधी ते जाड वही उघडतात आणि बोटांवर धोके मोजतात. "धोका एक, कडू लागीन. धोका दोन, दात हलत असन तं पडीन. धोका तीन, दुसरा मिळणार नाही. समजले? मंजूर? मंग सही कर."

ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. इथे चंदीगडला, सेक्टर ३२च्या सरकारी दवाखान्यात त्यांची अख्खी नोकरी ऑपरेशन थिएटरवर गेली. पेशंटला धोके समजावून संमतीपत्रावर सही घेणं हे रोजचं काम. निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. लग्न केलं नाही. आपल्या गावची, दर्यापूरची बोली इथे येऊनही सोडली नाही. माझ्या आजीलाही ते 'ब्रदर', मलाही 'ब्रदर', आणि गल्लीतल्या सगळ्या सरदारजींनाही.

समोरच्या गुरमीत आंटी एकदा शिडी मागायला आल्या. ब्रदरांनी पडण्याचे चार प्रकार समजावून वही पुढे केली. आंटी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ब्रदर जी, सीढ़ी लेनी है, किडनी नहीं!" पण सही केली. गुरुमुखीत.

मी नववीत असताना शाळेतून एक फॉर्म आला. दहावीला गणित कोणतं घेणार, बेसिक की स्टँडर्ड? बेसिक सोपं, स्टँडर्ड अवघड. मॅडम म्हणाल्या, "बेटा, बेसिक ले लो. पास तो पक्का." पण बेसिक घेतलं तर अकरावीत गणित मिळणं कठीण, हेही त्यांनीच सांगितलं. मला तर गणितच शिकायचं होतं. नुसतं आवडत होतं, येत मात्र नव्हतं.

बाबा मोहालीत एका कॅन्टीनमध्ये पोळ्या करतात. त्यांनी फॉर्म हातात घेतला. "स्टँडर्ड म्हंजे नेहमीचंच ना? मंग त्यात भ्याचं काय?"

"बाबा, तेच अवघड आहे."

"मंग त्याले स्टँडर्ड काहून म्हणतात?"

आई म्हणाली, ब्रदरांना विचार, ते शिकलेले आहेत.

बाबांना घेऊन मी गेले, पण ब्रदरांनी सल्ला द्यायला साफ नकार दिला. "सल्ला देणं डॉक्टरचं काम. मायं काम समजावणं." मग वही काढून सुवाच्य अक्षरात लिहिलं. उपचार: गणित, स्टँडर्ड. धोके: झोप कमी, रडू, वर्गात लाज, मार्क कमी, क्वचित नापास. मी प्रत्येक धोक्याला मान हलवत होते. मला वाटलं, संपलं. त्यांनी आणखी एक ओळ आखली.

"हेबी लिहा लागते. उपचार न घेतल्यास." आणि तिथे त्यांनी एवढंच लिहिलं: 'जन्मभर "घेतलं असतं तर?" हे दुखणं. औषध नाही.'

बाबांनी पेन उचललं तसा ब्रदरांनी त्यांचा हात धरला. "आधी पेशंट."

मी सही केली. आयुष्यातली पहिली सही. नाव ओळीबाहेर गेलं.

त्यानंतर ब्रदर रोज संध्याकाळी राउंडला येऊ लागले. गणित त्यांना माझ्याइतकंच येत होतं. पण दारामागे त्यांनी एक तक्ता लटकवला आणि त्यात नोंदी सुरू केल्या. 'दोन बरोबर, तीन चूक. पेशंट चिडकी. भूक उत्तम.' आजी विचारायची, "पोरीले झालं तरी काय?" ब्रदर गंभीरपणे म्हणायचे, "त्रिकोणमिती."

दहावीतल्या पहिल्या मोठ्या परीक्षेत मला ऐंशीपैकी एकोणीस मिळाले. बोर्डाकडे नावं जायला चार दिवस होते, विषय अजून बदलता येत होता. मी ब्रदरांकडे जाऊन रडले. म्हटलं, मला बेसिकच द्या.

मला वाटलं, रागावतील. त्यांनी वही उघडून माझी सही समोर धरली. "संमती कधीबी मागं घेता येते. तो तुया हक्क हाये. खोडून टाक. तुले कोणी काही म्हणनार नाही."

मी पेन टेकवलं. कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला. ब्रदर खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम. त्यांनी एकदा जरी 'खोडू नको' म्हटलं असतं ना, तर मी हट्टाने खोडलं असतं. मी पेनाला टोपण घातलं आणि घरी येऊन चुकलेली गणितं पुन्हा मांडली.

निकाल लागला तेव्हा ब्रदर गावाला भावाकडे गेले होते. फोन बंद. तीन दिवस मी लावत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी ते गाडीने परत येणार होते, म्हणून मी बाबांना घेऊन स्टेशनवर गेले. ब्रदर दोन पिशव्या सांभाळत डब्यातून उतरले आणि आम्हाला बघून दचकले.

"काय झालं? कोण आजारी हाये?"

"कुणी नाही. निकाल लागला. गणितात शंभरपैकी एकाहत्तर."

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. बाकावर बसले. बराच वेळ चष्मा पुसत होते.

"इतकी वर्षं थिएटरचं दार उघडून मीच बाहेर यायचो," ते म्हणाले. "बाहेर नातेवाईक उभे असत. चांगलं झालं म्हणून सांगतलं, तरी दोनदोनदा विचारत. मले राग येयचा. एकदा सांगतलं ना बापा, ऐकू नाही आलं काय?"

चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती म्हणली? पुन्हा सांग."

"एकाहत्तर, ब्रदर. स्टँडर्डमध्ये."