प्रति वादीने

नवरा नको, हे प्रूफताईंचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. बायको नको, हे बटणवाल्यांचंही. इतकं एकमत ज्या जोडप्यात आहे, त्यांचा घटस्फोट कपातला चहा निवायच्या आत उरकायला हवा. पण कोर्टाचा आणि वकिलांचा खर्च कोणी द्यायचा, इथे घोडं अडलं.

"तुला सुटायचंय, तू दे," बटणवाले म्हणायचे.

"दावा तुम्ही लावलात, तुम्ही द्या," प्रूफताई म्हणायच्या.

दोघांचंही खरं होतं. सुटायची गोष्ट आधी ताईंनी काढली, पण जो आधी दावा लावतो त्याचं पारडं जड असतं, असं कोणीतरी बटणवाल्यांच्या कानात सोडलं. दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून स्वारी कोर्टात. असे ते झाले वादी आणि ताई झाल्या प्रतिवादी. दाव्यात त्यांनी लिहिलं की बायको जेवताना माझ्या बोलण्यातल्या चुका काढते, त्यामुळे घास घशाखाली उतरत नाही. उत्तरादाखल ताईंनी त्या दाव्यातल्या एकतीस चुका लाल पेनने दाखवून दिल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर दोघंही स्वतःला शहाणे समजणारे.

ताई छापखान्यात मुद्रितं तपासत, म्हणून त्यांना सगळे प्रूफताई म्हणायचे. बटणवाल्यांचं घाऊक बटणांचं दुकान होतं. दर महिन्याला त्यांचं दरपत्रक निघे: शर्टाची बटणं प्रति ग्रोस म्हणजे बारा डझनांना, कोटाची प्रति डझन, हुक प्रति पाकीट. एकोणीस वर्षं ते ताईंनी फुकट तपासलं. खाली त्या न चुकता 'चू.भू.दे.घे.' लिहीत, आणि बटणवाले न चुकता ते खोडत.

"चूकभूल द्यावी घ्यावी म्हणे. गिऱ्हाइकाला वाटेल, आम्ही चुकतो."

"चुकताच की."

"बघ, काढलीस चूक."

आता छापखान्याशेजारची एक खोली ताईंनी हेरून ठेवली होती. उत्तरेला खिडकी, खिडकीखाली टेबल आणि दारावर स्वतःची पाटी, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. खर्च अंगावर पडला तर साठवलेलं सगळं त्यात जाणार आणि खोलीही हातची जाणार, या विचाराने ताईंची झोप उडाली होती.

शेवटी न्यायाधीशबाईच कंटाळल्या. "घटस्फोट मंजूर करते. खर्चाचं तुम्ही दोघांनी कागदावर लिहून आणा, दोघांच्या सह्या करून. लिहाल तसा हुकूम देईन. आज दुपारपर्यंत नाही आणलंत, तर पुढची तारीख सहा महिन्यांनी."

बटणवाल्यांनी आपला वकील केव्हाच काढून टाकला होता. ते तडक दुकानात गेले, स्वतः टाइप केलं, सही ठोकली आणि कागद फडकवत कोर्टाच्या व्हरांड्यात आले.

"कर सही. नाहीतर बस सहा महिने."

कागदावर एकच वाक्य होतं. सवयीप्रमाणे ताई ओळीखालून पेनाचं टोक सरकवत वाचू लागल्या: 'दोन्ही बाजूंचा सर्व खर्च प्रति वादीने द्यावा.' पेन थांबलं. 'प्रति' आणि 'वादी' यांच्यामध्ये शर्टाचं बटण मावेल एवढी जागा होती. एकोणीस वर्षं प्रति ग्रोस, प्रति डझन लिहिणारं ते बोट. 'प्रति' आलं की जागा सोडायचीच, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं.

ताईंनी पेन सहीच्या जागेवर नेलं. पण धंद्याचं इमान आडवं आलं.

"अहो, एकदा नीट वाचून बघता का?"

"तीनदा वाचलंय."

"मग खाली चूकभूल द्यावी घ्यावी, एवढं तरी लिहू या."

बटणवाल्यांचा पारा चढला. त्यांनी कागद ओढून घेतला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'वरील मजकुरात एकही चूक नाही. प्रत्येक शब्द लिहिलाय तसाच धरावा.' "आता काढ चूक."

ताईंनी सही केली. त्यांची वकीलबाई धावत आली. "ताई, काय केलंत हे? सगळा खर्च गळ्यात घेतलात."

"तुम्ही आधी चष्मा लावा," ताई म्हणाल्या.

आत न्यायाधीशबाईंनी कागद वाचला, मग पुन्हा वाचला, आणि बटणवाल्यांना पुढे बोलावलं.

"तुमच्या दुकानात 'प्रति डझन' म्हणजे काय?"

"दर डझनाला, बाईसाहेब."

"'प्रति पाकीट'?"

"दर पाकिटाला."

"मग 'प्रति वादीने' म्हणजे?"

"दर वादी..." म्हणत बटणवाले कागदावर वाकले.

"या दाव्यात वादी किती?" बाईंनी कारकुनाला विचारलं.

"एकच आहेत. हे."

"टायपाची चूक आहे, बाईसाहेब. मला प्रतिवादी म्हणायचं होतं."

"पण खाली तर लिहिलंय, एकही चूक नाही. अक्षर कोणाचं?"

"माझंच."

"ताई, सही करताना तुम्हाला हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं. चूकभूल लिहू या म्हटलं, त्यांनी लिहू दिलं नाही."

न्यायाधीशबाईंनी हसू लपवायला मान खाली घालून काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग त्यांनी कागदाबरहुकूम निकाल दिला: सर्व खर्च वादीने द्यावा.

व्हरांड्यात बटणवाल्यांनी ताईंना गाठलं. "एकोणीस वर्षं एक चूक सोडली नाहीस. नेमकी हीच सोडलीस?"

"तेव्हा घरची होते, फुकट काढत होते. आता बाहेरच्या माणसाचा दर पडेल," ताई म्हणाल्या, आणि चाळिशी गाठलेल्या त्या बाई कोर्टाच्या पायऱ्या दोन-दोन उतरत थेट घरमालकाकडे गेल्या.

खोली मिळाली. उत्तरेचा उजेड टेबलावर पडू लागला, दारावर पाटी लागली. दोन महिन्यांनी दारात बटणवाले उभे. हातात नवं दरपत्रक होतं. मधल्या महिन्यात त्यांनी स्वतः तपासलेल्या दरपत्रकात कोटाच्या बटणांचा डझनाचा भाव 'प्रति ग्रोस' म्हणून छापला गेला होता, आणि त्या भावाने माल न्यायला अर्ध्या बाजाराची रांग लागली होती.

"दर काय तुझा?" त्यांनी पाटीकडे बघत विचारलं.

"प्रति पान. आगाऊ."

त्यांनी घासाघीस न करता पैसे टेबलावर ठेवले. ताईंनी दरपत्रक शेवटपर्यंत वाचलं. अगदी तळाला बटणवाल्यांनी या वेळी आपणहून लिहिलं होतं: 'चु.भु.दे.घे.'

ताईंनी लाल पेन उचललं आणि दोन्ही उकार दीर्घ केले.