अर्ध्या पासवर्डची माफी

चष्मेवाल्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं पत्र होतं. काय त्याचा थाट! वर कंपनीचं चिन्ह, खाली साहेबांची झोकदार सही. ‘प्रिय ग्राहक, तासाभरात पासवर्ड टाका, नाहीतर खातं कायमचं बंद.’ चष्मेवाला उठून उभाच राहिला. डोळे तपासायच्या नव्या यंत्रासाठी नवराबायकोने पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा त्याच खात्यात होता.

त्याने घाईघाईने लिंक उघडली, पासवर्डचा आपला अर्धा भाग टाकला आणि थांबला. एकाने दुसऱ्याला न विचारता खर्च करू नये म्हणून उरलेला अर्धा बायकोकडे असायचा. आणि बायकोचा कालपासून अबोला. फुटलेल्या काचेचं खापर त्याने गिऱ्हाइकांदेखत तिच्या माथ्यावर फोडलं होतं.

ती काउंटरच्या दुसऱ्या टोकाला फ्रेमा पुसत बसली होती.

“अगं, तुझा अर्धा सांग. खातं बंद होतंय!”

फडकं चालूच.

“बरं बाई, चुकलं माझं.”

“काय चुकलं?”

“ओरडलो.”

“एवढंच?”

त्याने घड्याळाकडे पाहिलं. “काच माझ्याच हातून फुटली. उगाच तुझं नाव घेतलं. मागच्या महिन्यातलीही मीच फोडली.”

“अहो, ती मांजराने पाडली म्हणालात ना?”

“मांजर आत आलंच नव्हतं.”

आता कुठे ती उठली. “नुसतं कंपनीचं नाव काय बघताय? पाठवणाऱ्याचा पत्ता वाचा.”

त्याने वाचला. पत्ता कुठल्याशा गाद्यांच्या दुकानाचा निघाला.

“आणि खरी कंपनी आपल्या दुकानाचं नाव घालून लिहिते. हा ‘प्रिय ग्राहक’ कोण?” तिने ते पान बंद केलं आणि मोबाइलवर कंपनीचं अ‍ॅप उघडून दाखवलं. खातं ठणठणीत होतं.

चष्मेवाला तिच्याकडे आ वासून पाहत राहिला. जन्मभर दुसऱ्यांची नजर तपासली. हिच्या नजरेला मोजायला त्याच्याकडे पट्टीच नव्हती!

“धन्य आहेस! एका नजरेत ओळखलंस!”

“एका नजरेत कसलं? मलाही सकाळी आला होता. वाचला, पुसून टाकला.”

“मग मी घाबरलो तेव्हाच का नाही बोललीस?”

तिने फडकं पुन्हा हातात घेतलं.

“इतकं खरं बोलत होतात, मध्येच कशी अडवू?”