सासूबाईंच्या गाडीची कीड

गंज म्हणजे दुसरं काय, पत्र्याला लागलेली कीड, असं दातांच्या डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. ज्याने जन्मभर लोकांची कीड कोरून काढली त्याला एका गाडीची काय मातब्बरी, असा चेहरा करून ते हात धुवायला उठले. बायकोने काचेचे पेले उचलून कपाटात ठेवले. नवरा असा चेहरा करून उठला की घरातल्या नाजूक वस्तू कपाटात ठेवायच्या असतात, एवढं तिला संसाराने शिकवलं होतं.

गाडी सासूबाईंची होती. निळी, जुनी, आणि त्यांच्या जिवापाड प्रेमाची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली जावयाच्या हातात ठेवली. "जपून वापरा, जावईबापू," एवढंच म्हणाल्या. पण मुलगी देतानासुद्धा त्यांचा आवाज असा कातर झाला नव्हता.

डॉक्टरांनी गाडी जपली म्हणजे काय केलं, तर पोर्च रिकामा असताना तिला ऊनपावसात उभी केली. दारांच्या खालच्या कडेला रंग फुगला, त्याला फोड आले, फोडांतून तपकिरी पाणी ओघळायला लागलं. सासूबाईंना दिसत नाही या भरवशावर सगळं निभत होतं. आणि आता त्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली! धाकट्या लेकीकडे विश्रांती घेऊन पंधरवड्याने त्या इथे घरी परत येणार होत्या. फोनवर हरखून सांगत होत्या, भिंतीवरची मुंगीसुद्धा स्पष्ट दिसते म्हणून. ती मुंगी ऐकल्यापासून डॉक्टर रात्र रात्र जागून गंजावरचे व्हिडिओ बघत होते.

बायको म्हणाली, गॅरेजात द्या आणि मोकळे व्हा. पण डॉक्टरांनी गंजावरचे इतके व्हिडिओ पाहिले होते की आता गाडी दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे अभ्यास करून परीक्षेला न बसण्यासारखं झालं असतं. रविवारी सकाळी त्यांनी गाडी पोर्चमध्ये घेतली, तोंडाला दवाखान्यातला मास्क लावला आणि भाड्याने आणलेला पत्रा घासायचा ग्राइंडर सुरू केला. समोरच्या घरातल्या कुत्र्याने तो आवाज ऐकला आणि तो पलंगाखाली गेला तो संध्याकाळी जेवायलाच बाहेर आला.

नखाएवढा फोड होता. तो घासला तर खाली रुपयाएवढा गंज निघाला. तो घासला तर बशीएवढा. कीड पूर्ण गेल्याशिवाय भरायचं नाही, हा डॉक्टरांचा धंद्यातला बाणा. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत थांबायचं नाही म्हणून ते घासत राहिले, आणि दुपारच्या सुमारास पत्राच संपला. दाराला खाली एवढं भगदाड पडलं की त्यातून हात घालून आतून काच पुसता आली असती.

बायको चहा घेऊन आली, भगदाडाकडे बघत उभी राहिली आणि तिने विचारलं, हे आधीपासून होतं का. डॉक्टर म्हणाले, होतं, पण झाकलेलं होतं. तिने सुचवलं की कागदाचे बोळे कोंबून वरून रंगाऱ्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, लिंपून टाकावी, निदान आई गाडी बघून घेईपर्यंत. डॉक्टरांना ते फार लागलं. सडक्या दाढेवर चांदी बसवणाऱ्यांतला मी नव्हे, असं त्यांनी तिला सुनावलं. मग सगळी धूळ जावी म्हणून उघडा पत्रा साबणाच्या पाण्याने खसाखसा धुतला आणि समाधानाने झोपायला गेले. सकाळी उठून बघतात तर चकचकीत पत्र्यावर नारिंगी साय धरलेली! रात्रभरात ओल्या पत्र्याने गंजाची नवीन पिढी वाढवली होती.

त्याच दिवशी दवाखान्यात पैलवान आला. पैलवान म्हणजे रस्त्याच्या टोकाचा वेल्डर. हात म्हणजे खांब आणि मान म्हणजे बुंधा, पण दातांच्या डॉक्टरांना एवढा भ्यायचा की अक्कलदाढ किडून गाल टम्म सुजला तरी लवंग चावत बसला होता. अखेर त्याच्या बायकोने त्याला दारापर्यंत आणून सोडलं. तो खुर्चीत आडवा झाला, डोळे घट्ट मिटले, तोंड उघडलं, आणि डॉक्टरांनी आरसा आत घालताच फोन वाजला. रंगाच्या दुकानदाराचा होता. डॉक्टरांनी फोन खांद्यात धरला आणि एका हाताने आरसा तसाच ठेवून बोलायला लागले.

"अहो, वरून एवढंसं दिसत होतं. आत सगळं सडलंय. काल ग्राइंडर मारला तर एवढं भोक पडलं की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. आता आजूबाजूचं सगळं कापून काढतो आणि पत्र्याचा तुकडा जोडतो. हो हो, वेल्डिंगच करावं लागणार."

खुर्ची रिकामी झाली. पैलवान गळ्यातल्या कागदी रुमालासकट रस्त्यावर पोचला होता, आणि जाताना आरसाही तोंडातच घेऊन गेला होता. डॉक्टर पांढऱ्या कोटात त्याच्या मागे धावले. पेशंटने पळावं आणि डॉक्टरने पाठलाग करावा, हे दृश्य बघायला सगळी दुकानं बाहेर आली. दुकानदारांना वाटलं, फी बुडवली असणार. न्हाव्याने अर्धी दाढी तशीच सोडून पैलवानाला वाट मोकळी करून दिली.

वेल्डिंगच्या शेडचं दार आतून बंद झालं. डॉक्टरांनी फटीतून गाडीची सगळी हकिगत सांगितली. गाडी, सासूबाई, मोतीबिंदू, मुंगी. आतली कडी थोडी सरकली. मग आवाज आला, "म्हणजे कापायचंय ते गाडीचं?"

"गाडीचंच हो."

"मग असं आधी नाही का सांगायचं," म्हणत पैलवान बाहेर आला आणि आरसा परत केला. पत्रा जोडून द्यायला तो आनंदाने तयार झाला. दाढही काढून घेईन म्हणाला, पण एका अटीवर. त्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही.

मग कामाला रंग चढला. पैलवानाने सडका भाग कापून नवा पत्रा बसवला. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची छिद्रं मातीने गच्च बुजली होती, त्यामुळे दार आतून सडलं होतं. दातांतल्या फटी साफ करायच्या हत्यारांनी डॉक्टरांनी ती मन लावून मोकळी केली. मग नारिंगी साय घासून काढली. आता पाण्याचं नाव नाही, पत्रा थिनरने पुसला आणि लगेच प्रायमर मारला. वर लांबीचा हात, पॉलिश पेपर, परत प्रायमर. रंग फवारायला दवाखान्यातला कॉम्प्रेसर हातगाडीवरून घरी आला. धूळ बसू नये म्हणून पोर्चला चारी बाजूंनी चादरी बांधल्या, त्याही बायकोच्या ठेवणीतल्या. त्या निळ्या झाल्यावर ती दोन दिवस नवऱ्याशी फक्त हातवाऱ्यांनी बोलली. पण दारं अशी झाली की त्यांत बघून भांग पाडावा. डॉक्टर दर तासाला बाहेर येऊन त्यांच्याकडे बघत उभे राहत.

रंग पक्का वाळला आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी सूज उतरली, तेव्हा पैलवानाची पाळी आली. खुर्ची नको तर नको, डॉक्टरांनी त्याला गाडीच्याच पुढच्या सीटवर बसवलं, पाठ मागे पाडली आणि भूल दिली. दाढ चिवट होती. शेवटी डॉक्टरांनी एक गुडघा सीटवर टेकला, पैलवानाने दोन्ही हातांनी छताचा दांडा धरला आणि गाडी हलायला लागली.

आणि नेमक्या तेव्हा चादर बाजूला सारून सासूबाई आत आल्या. ठरल्या दिवसाच्या आधीच. मागे बायको खुणा करत होती, पण उपयोग नव्हता. सासूबाईंना आता सगळं दिसत होतं. आपल्या गाडीत एक आडवा राक्षस, त्याच्या तोंडात जावयाचा हात, आणि जावयाच्या कानामागे निळा रंग.

दाढ निघाली. पैलवानाने उठून त्यांना वाकून नमस्कार केला आणि गाल धरून तो निघून गेला.

सासूबाई सरळ दाराजवळ गेल्या, खाली वाकल्या, खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"दोन वर्षं इथे फोड लागत होते हाताला," त्या म्हणाल्या. "मला दिसत नव्हतं जावईबापू, पण बोटांना मोतीबिंदू होत नाही."

डॉक्टर जमिनीकडे बघायला लागले. सासूबाईंनी पुन्हा बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. इतकं सुरेख काम गॅरेजवालेही करत नाहीत, असं त्या लेकीला म्हणाल्या. डॉक्टरांची छाती फुगली. चादरींची किंमतसुद्धा क्षणात वसूल झाली.

"द्या आता," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"काय, आई?"

"किल्ली. दिसतंय ना आता मला."

त्या चालवायला बसल्या, बायको शेजारी बसली. डॉक्टरांनी मागचं दार उघडलं, निदान दवाखान्यापर्यंत सोडतील म्हणून. सासूबाईंनी आरशातून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, आणि अंगाला रंग लागलाय, सीट खराब होईल, तुम्ही चालत या, असं प्रेमाने सांगितलं.

डॉक्टर चालत निघाले. कॉम्प्रेसरची हातगाडीही त्यांनाच ढकलायची होती.